शनिवारी दिसलेलं औषध

“काका, आयच्या जंतूचं काय झालं?”

मल्हारने प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं. सांगलीच्या या इस्पितळात नानासो तीस वर्षं तंत्रज्ञ होते आणि दारातून प्रश्न विचारणाऱ्यांना वाटेला लावण्यात त्यांचा हातखंडा होता. पण विट्याकडचा हा गडी चार दिवस दारात ठाण मांडून होता. त्याची आई, बनुबाई, वर अतिदक्षता विभागात होती. आतड्यातला जंतू रक्तात उतरला होता.

“एकेका औषधाला त्यो दाद देत न्हाई,” नानासो म्हणाले. ते मूळचे मेढ्याचे, जीव लागला की गावाकडचं बोलत. “आता दोन-दोन मिळून लावून बघतोय. बशीत जंतू पेरलाय, वर औषधाच्या चकत्या जवळजवळ ठिवल्यात. उद्या सकाळी कळंल.”

मल्हार तिकडे तमिळनाडूत, सेलमला, सोनं गाळण्याच्या दुकानात कामाला होता. त्याला लगेच उमगलं. “आमच्यात बी तसंच की. एकेकटं ॲसिड सोन्याला काय बी करत न्हाई. दोन एकत्र केली की पार विरघळतंय.”

नानासोंना कौतुक वाटलं. शिकाऊ डॉक्टरांना एवढंच समजवायला त्यांचा अर्धा तास जायचा.

शनिवारी सकाळी त्यांनी बशी उजेडाकडे धरली. सगळीकडे जंतूंचा दाट थर, पण दोन चकत्यांच्या मधे जागा स्वच्छ. तिथे जंतू वाढलेच नव्हते. नानासोंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

फोन हाताशी होता. वॉर्डला कळवलं असतं तर डॉक्टरांनी दुपारपर्यंत काहीतरी ठरवलं असतं. पण ही चाचणी अजून प्रयोगातली होती, अहवालावर सही करणाऱ्या मॅडम सोमवारी येणार होत्या, आणि खरं म्हणजे एकदाच दिसलेलं नानासो कुणाला सांगतच नसत. तरुणपणी घाईने सांगून चारचौघांत बोलणी खाल्ली होती, तेव्हापासूनची ही शिस्त. तिचा त्यांना भारी अभिमान. मॅडमनाही त्यांनी फोन केला नाही. तीच चाचणी पुन्हा लावली आणि हात धुतले.

दारात मल्हार होताच. “दिसलं का काय?”

“उद्या बघू, गड्या.”

बनुबाई रविवारी पहाटे गेली. सकाळी दुसऱ्या बशीतही अगदी तेच दिसलं.

त्यानंतर नानासोंना अन्न गोड लागेना. त्या वयाची, इतकी खालावलेली बाई औषध देऊनही गेली असती, असं ते स्वतःला रोज बजावत आणि रोज ते पटत नसे. शिस्त कसली? पुन्हा बोलणी खायला लागू नयेत म्हणून ते गप्प बसले होते. फार वाईट वाटायचं.

तेराव्यानंतर मल्हार कागदपत्रं न्यायला आला. डोकं भादरलेलं. कागद घेऊन तो प्रयोगशाळेकडे वळला.

“काका, एक इचारायचं हुतं. ते दोन औषधांचं जमलं का वो?”

“जमलं.”

“म्हंजी औषध हाय.”

“हाय.”

“कवा कळलं?”

रविवारी म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. खात्री रविवारीच झाली होती. शब्द नानासोंच्या ओठांवर आलाही होता.

“शनिवारी,” ते म्हणाले. “सकाळी सव्वानऊला. मी सांगितलं न्हाई. पुन्यांदा बघाय ठिवलं.”

मल्हार चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने कागदांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“शनिवारी मी हितंच हुतो, काका.”

“व्हय.”

मग मल्हार वडीलधाऱ्यांचा निरोप घेताना वाकतात तसा सवयीने त्यांच्या पायांशी वाकला. नानासोंना पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही.