खुरातला खडा

राहीबाईच्या नातीला, ज्ञानेश्वरीला, अकराव्या वर्षी साखर निघाली ते साल दोन हजार तेवीस. उन्हाळ्यात पोरगी शाळेच्या नळापाशी चक्कर येऊन पडली, नगरच्या डॉक्टरांनी रोज चार वेळा इन्सुलिन टोचायला सांगितलं, आणि त्याच वर्षी दिवाळी सरता सरता घोडेगावात यंत्रबाबा उतरला.

नोव्हेंबरच्या तेवीस तारखेला, गुरुवारी, गोरक्षच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गोरक्ष हा राहीबाईचा एकुलता एक मुलगा. बाजारतळाच्या तोंडाशी त्याचं गेमिंगचं दुकान, दुकानात पाच संगणक. एरवी तिथं कानाला हेडफोन लावून गावातली तरणी पोरं बसायची. त्या दिवशी म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, एवढंच काय, बाजारातले दलालसुद्धा दारात टाचा उंचावून उभे होते.

झालं होतं असं, की दिवाळीपासून त्या यंत्रांना जणू दृष्ट लागली होती. गेम रंगात आला की चित्र अडखळायचं, बंदूक उगारलेला शिपाई जागच्या जागी पुतळा व्हायचा, पडद्यावर इंग्रजी पाटी यायची आणि सगळंच बंद पडायचं. मागच्या गुरुवारी बाबानं दोन यंत्रं बरी केली होती. आज तिसऱ्याची आणि चौथ्याची पाळी होती.

"यंत्राला निर्जीव कोन म्हनतो?" बाबानं गर्दीवर नजर फिरवली. अंगात भगवी कफनी, मनगटाला जाडजूड स्मार्ट घड्याळ. "ह्या डब्यात बत्तीस नाड्या हायेत. अकराव्या नाडीत शनी बसलाय. आणि हा माऊस! उंदीर हे कुणाचं वाहन?"

"गणपतीचं!" गर्दी ओरडली.

"मग त्याला नमस्कार न करता दिवसभर टकाटका दाबता, तो कोपनार न्हाई?"

माणसांनी कानाला हात लावले. एकानं तर माऊसला तिथल्या तिथं नमस्कार घातला.

मग बाबाच्या चेल्यानं, तुषारनं, पडदा आणि कळफलक झाकेल असं लाल कापड पसरलं. स्वतःचं डोकं आणि दोन्ही हात कापडाखाली घातले. त्याला ते 'न्यास' म्हणत. बाबानं घंटा घेतली आणि जी बडवायला सुरुवात केली ती कानठळ्या बसेपर्यंत. मधेमधे मंत्र, "ओम् ह्रीं रॅमाय नमः!" पाच मिनिटांनी कापड निघालं, भस्माची चिमूट पडली, यंत्र 'निजवून उठवलं' गेलं. सहादेव नावाचा पोरगा, जो दिवसाचे सहा तास तिथंच पडलेला असायचा, त्यानं गेम लावला. शिपाई पळाला, उडी मारून भिंतीवर चढला. कुठं अडखळला नाही, कुठं थांबला नाही.

"बाबा की जय!"

राहीबाई भिंतीला टेकून उभी होती. घंटेच्या आवाजाखाली तिला दुसरा एक आवाज ऐकू आला होता. टिक्, टिक्, टिक्.

"ज्यानं लोखंडात प्रान घातला," बाबा म्हणाला, "तो हाडामांसात घालनार न्हाई व्हय? भागिरथीबाईंना विचारा."

भागिरथीबाई पुढं झाल्या. राहीबाईची ही जिवाची मैत्रीण. साठीला टेकल्यावर दोघींनी प्रौढ वर्गात शेजारी बसून एकाच पाटीवर 'अ' गिरवला होता. त्यांनाही साखर होती, पायाच्या अंगठ्याला जखम होती.

"सात दिस झाले, सुई बंद हाय," त्या म्हणाल्या. "काय बी झालं न्हाई मला."

"भागे, अंगठा काळा पडलाय तुझा," राहीबाई हळूच म्हणाली.

"भस्म लावलंय गं. भस्माचा रंग हाय त्यो."

बाबानं गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढल्या गुरुवारी पाचवं यंत्र आणि तुझी पोरगी, दोघांचं काम एकदमच करू. बुधवारी संध्याकाळपासून सुई बंद. सुयांचा डबा माझ्या पायाशी आनून ठेव."

गोरक्षनं मान डोलावली. त्याच्या बायकोनं, पूजानं, पदर तोंडात कोंबला.

घरी येताच राहीबाईनं मुलाला धरलं. "डॉक्टर काय म्हनले हुते? एक दिस बी चुकवायचं न्हाई."

"आई, डॉक्टरनं पोरीला जन्मभर टोचायला सांगितलंय. जन्मभर! माझ्या डोळ्यादेखत चार यंत्रं उठली. ते काय खोटं हाय?"

यंत्रं खरंच उठली होती.

राहीबाईचा बाप रंभाजी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होता. तो सांगायचा, एखाद्या व्यापाऱ्याला बैल स्वस्तात पाडायचा असला की त्याचा माणूस बैलाला गोंजारायच्या निमित्तानं खुराच्या फटीत खडा बसवतो. बैल लंगडतो, धनी घाबरतो, भाव पडतो. सौदा झाला की तोच माणूस खडा काढतो आणि बैल सरळ चालतो. बघणारे म्हणतात, काय हात आहे गड्याचा! रंभाजी लेकीला म्हणायचा, "रानात लंगडला तर बैल आजारी. बाजारात लंगडला तर आधी खूर उचलून बघ. आणि खूर कुनी हातात धरला हुता ते आठव."

राहीबाईनं आठवलं. दिवाळीच्या चार दिवस आधी हाच तुषार दुकानात आला होता. 'यंत्रांची सफाई फुकट करून देतो' म्हणाला, दुपारभर पाचही यंत्रांशी बसला. यंत्रं बिघडल्यावर बाबाचं नावही त्यानंच सुचवलं. सहावं यंत्र मात्र घरी होतं, ज्ञानेश्वरीच्या अभ्यासाचं. त्याला तुषारचा हात लागला नव्हता. आणि ते आजवर एकदाही बंद पडलं नव्हतं.

रविवारी ती सोनईला गेली. तिला अक्षरं शिकवणाऱ्या अश्विनी मॅडम तिथं शाळेत संगणक शिकवत. मॅडमनं सगळं ऐकलं, सोमवारी स्कूटीवर घोडेगावला आल्या आणि घरच्या यंत्रात खोल खोल जाऊन एक छोटी खिडकी उघडली.

"आक्का, तुमच्या म्हणण्यात तथ्य असेल, तर खडा इथं असणार. पण दुकानातलं पाचवं यंत्र बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही."

"पोरगा तुमाला दुकानात शिरू देनार न्हाई. मलाच शिकवा."

राहीबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण अक्षर म्हणजे आधी एक आकार असतो आणि आकार गिरवता येतो, हे ती एकदा शिकली होती. तिनं वही काढली. कुठं दाबायचं, मग काय दिसतं, एकेका पायरीचं चित्र काढलं. नऊ पायऱ्या झाल्या. शेवटच्या चित्रात तीन गोल होते, एकाखाली एक, आणि त्यांच्यावर एक चौकोन. घरच्या यंत्रात चौकोनात बरोबरची खूण होती.

मंगळवारी गोरक्ष जेवायला घरी आला, तेवढ्यात तिनं दुकान गाठलं. पाचव्या यंत्रापुढं बसून नऊ पायऱ्या चढली. चौकोन रिकामा होता. टिकली सगळ्यात खालच्या गोलात होती.

मागून गोरक्षचा आवाज आला. "आई! बाबांनी सांगितलंय, गुरुवारपातूर पाचव्याला हात लावायचा न्हाई!"

"गोरक्ष, खूण बघ. घरच्या यंत्रात..."

"तुला माऊस धरता येतो का नीट? ऊठ!"

त्यानं दुकानाला कुलूप घातलं. बुधवारी संध्याकाळी सुयांचा डबा खिशात घातला. रात्रीची सुई नाही, गुरुवारी सकाळचीही नाही. पूजानं हातापाया पडून बघितलं, राहीबाईनं खिशाला हात घातला, तर त्यानं आईचा हात झिडकारला. असं तो जन्मात कधी वागला नव्हता.

गुरुवारी अकरा वाजता दुकान पुन्हा तुडुंब भरलं. ज्ञानेश्वरी दारापाशी स्टुलावर बसली होती. ओठ सुकलेले, सारखी पाणी मागत होती. एकदा उलटी झाली. श्वास भराभर चालला होता.

"विष बाहेर पडतंय," बाबा म्हणाला.

राहीबाई रस्त्याकडे बघत होती. बुधवारी रात्रीच तिनं मॅडमना फोन करून सुई बंद झाल्याचं कळवलं होतं, त्या दहाला येणार होत्या. स्कूटी दिसत नव्हती. तुषारनं कापड झटकलं तशी ती पुढं झाली.

"बाबा, आज माझ्या हातनं हुऊ द्या."

बाबा हसला. "आक्का, बसा. यंत्रात प्रान फुंकायचाय. भाकरी थापायची न्हाई."

"थापूनच बघते. करपली तर तुमी हायेच."

लोक हसले. "बसू द्या की आक्काला!" एक दलाल ओरडला. सगळं गाव हसत असताना नाही म्हणणं बाबालाही अवघड झालं. म्हातारीला काय जमणार, अशा समजुतीनं त्यानं हातानंच होकार दिला.

"आधी सहादेव, गेम लाव," राहीबाई म्हणाली. "आजारी हाय का न्हाई, समद्यांनी बघा."

गेम लागला. चौथ्या मिनिटाला शिपाई पुतळा झाला, पाटी आली, खेळ बंद.

राहीबाईनं वही मांडीवर उघडली. घंटा नाही, कापड नाही. पहिली पायरी, दुसरी. बाण भलतीकडं जात होता. पाचव्या पायरीला चुकीची खिडकी उघडली. तुषार झटकन पुढं झाला, "आक्का, बिघडवाल, सरका!"

"तुझा हात मागं ठेव," दलाल म्हणाला.

ती पुन्हा पहिल्यापासून चढली. सात. आठ. नऊ. चौकोनात खूण केली, यंत्र बंद करून सुरू केलं. सहादेवनं गेम लावला. दुकानात पोरीच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. तीन मिनिटं. चार. शिपाई पळत होता. पाच. सहा. तो भिंत ओलांडून पलीकडं गेला.

"माझ्या नजरेचा प्रभाव," बाबा म्हणाला.

"गोरक्ष," राहीबाई मुलाकडे वळली, "घरचं यंत्र कधी आजारी पडलं? एकदा तरी?"

गोरक्षनं नकारार्थी मान हलवली.

"आणि दिवाळीआधी फुकट सफाई कुनी केली? घरच्याची सोडून?"

गोरक्षनं तुषारकडे पाहिलं. तुषार दाराकडे सरकत होता. दलालानं त्याची कॉलर धरली. "खूर कुनी धरला हुता, त्योच का ह्यो?"

गोरक्षचा हात खिशात गेला. त्यानं डबा बाहेर काढला. पूजानं तो हिसकावून घेतला, पोरीची साखर मोजली आणि सुई टोचली. त्याच वेळी अश्विनी मॅडम आत शिरल्या. उशीर का झाला ते मागोमाग उतरलेल्या माणसांवरून कळलं. त्या दवाखान्याची गाडी आणि पोलीस घेऊन आल्या होत्या. पोरीला गाडीत घातलं. गोरक्ष तिच्या पायाशी बसून नगरला गेला.

मग मॅडमनं गर्दीला समजावून सांगितलं. "यंत्राची रॅम म्हणजे स्वैपाकाचा ओटा. रोजचा स्वैपाक ओट्यावर होतो. लग्नाचा निघाला की ओटा पुरत नाही. मग आपण नको ती पातेली शेजारच्या खोलीत सरकवतो, लागतील तशी आणतो. ही शेजारची खोली म्हणजे व्हर्च्युअल मेमरी, डिस्कवरची राखीव जागा. मोठा गेम म्हणजे लग्नाचा स्वैपाक. ह्या तुषारनं दिवाळीआधी पाचही यंत्रांत त्या खोलीला कुलूप घातलं. ओटा भरला की गेम कोसळायचा. मग कापडाखाली कुलूप काढायचं, कळांचा आवाज घंटेखाली दडवायचा, आणि वरून भस्म. संपला चमत्कार."

"म्हंजी खोली अजून मोठी केली तर गेम अजून पळंल?" सहादेवनं विचारलं.

"नाही रे. शेजारच्या खोलीतून आणायला वेळच लागतो. खोली असावी लागते. पण खोली वाढवून बैलगाडीची मोटार होत नाही. ते सांगणाराही बाबाच समज."

त्यांनी खूण काढून टिकली पुन्हा खाली नेली, यंत्र बंद करून सुरू केलं. गेम चौथ्या मिनिटाला कोसळला. "बाबा, घ्या. कापड नाही, घंटा नाही, चेल्याचे हात सगळ्यांच्या समोर. उठवा."

"माझं आज मौन हाय," बाबा म्हणाला. पोलिसांनी त्याला मौनासकट गाडीत बसवलं.

ज्ञानेश्वरी तीन दिवस नगरला सलाईनवर होती. ती वाचली. आज ती रोज चार वेळा स्वतःच्या हातानं सुई घेते आणि शाळेत जाते.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. डोळ्यांनी पाहिलं ते खरं, असं म्हणून थांबू नका. यंत्र उठलं हे खरंच होतं. ते पाडलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. दुखणं येण्याआधी दारात कोण येऊन गेलं ते आठवा. जो झाकून करतो त्याला उघड्यावर करायला सांगा. आणि संगणक बरा झाला म्हणून माणसाचं औषध बंद करू नका. एकाच्या खुरातला खडा काढल्यानं दुसऱ्याचं रक्त बदलत नाही. हे विचारायला मोठी विद्या लागत नाही. साठीनंतर गिरवलेली अक्षरंही पुरतात.

त्याच गुरुवारी दुपारी भागिरथीबाईंनाही नगरला नेलं. विष अंगठ्यातून वर चढलं होतं. चौदा दिवस त्यांनी इन्सुलिन घेतलं नव्हतं. तीन डिसेंबर दोन हजार तेवीस रोजी, रविवारी दुपारी, भागिरथीबाई दवाखान्यात वारल्या.