वडाखालची शिट्टी

एक बाग डोळ्यांसमोर आणा, मुलांनो. फार मोठी नको. पेडणे तालुक्यातल्या एखाद्या लहानशा शहरात मावेल एवढीच. दोन घसरगुंड्या, काही झोके, त्यातला एक कायम तुटलेला, चालायला लाल फरशीची वाट आणि मधोमध एक वड. वड बागेपेक्षा कितीतरी जुना. बाग परवा-परवा झाली, त्याआधी तिथे नुसतं मोकळं रान होतं आणि हा वड होता. बाग करणाऱ्यांनी वडाभोवती सिमेंटचा गोल कट्टा बांधला आणि कट्ट्याला लागून एक निळा फलक उभा केला. फुले तोडू नयेत. हिरवळीवर चालू नये. खाण्याचे पदार्थ आणू नयेत, विस्तव पेटवू नये, धूम्रपान व मद्यपान सक्त मना. खाली आणखी बरंच काही होतं, पण तिथपर्यंत कुणी वाचत नसे.

दिसली बाग? मग आता त्या फलकापाशी एक मुलगी उभी करा. सहावीतली, दोन वेण्यांची, गळ्यात लाल दोरीला बांधलेली पिवळी शिट्टी. तिचं नाव तनया.

शिट्टी शाळेने दिली होती. लोक बागेत शेंगांची टरफलं टाकतात, झोक्यावर बाप्येमाणसं बसतात, म्हणून सेजल टीचरनी सहावीच्या मुलांना 'उद्यानमित्र' केलं होतं. रोज संध्याकाळी दोघा-तिघांची पाळी. कुणी नियम मोडला की शिट्टी वाजवायची, बस्स. भांडायचं नाही, उलट बोलायचं नाही.

"आणि एक लक्षात ठेवा," टीचर म्हणाल्या होत्या, "नियम सगळ्यांना सारखा. आपल्या माणसाला बघून जो शिट्टी खिशात घालतो, तो कसला उद्यानमित्र?"

तनयाला हे फार पटलं. पहिल्याच आठवड्यात तिने देवळाच्या कमिटीवरच्या सगुणकाकांना हिरवळीवरून खाली उतरवलं. सगुणकाका हसत उतरले, कान धरले आणि बाकावरच्या मंडळींना म्हणाले, "गोकुळदासाची नात ती. पोथी वाचणाऱ्याच्या घरातली. ती सोडतली काय माका?"

गोकुळदास म्हणजे तनयाचे आजोबा. घरात सगळे त्यांना आजो म्हणत. दर श्रावणात देवळात पोथी लागायची आणि ती आजोच वाचायचे. आवाज खर्जातला, सावकाश. बायका वाती वळता वळता थांबायच्या. आजोंनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, तंबाखूसुद्धा खाल्ली नव्हती. वर्षभर ते परसातली केळी बघत आणि मुरगावच्या बंदरावर ट्रक चालवणाऱ्या आपल्या मुलाची, तनयाच्या बाबांची, सुदेशची, वाट बघत. पण श्रावण आला की त्यांची पाठ ताठ व्हायची. महिनाभर ते गावाचे असत.

आषाढातली अवस होती. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार होता. दिवसभर कोसळून पाऊस संध्याकाळी ओसरला, तशी माणसं बागेत आली. पाळी तनयाची होती. दिवेलागणीला ती घसरगुंडीपाशी उभी असताना तिला वडाखाली विस्तव दिसला. काडी पेटली, मेणबत्ती लागली, आणि त्या उजेडात डोक्यावर कांबळं घेतलेला एक म्हातारा दिसला. त्याच्या तोंडात विडी होती, हातात बाटली.

तनया पळत गेली. जवळ जाताच तिला ते कांबळं ओळखू आलं. ती थबकली. शिट्टी तिच्या हातातच होती. खिशात घालता आली असती. पण टीचरचे शब्द आठवले, आणि बागेतली सगळी माणसं आपल्याकडे बघताहेत असं तिला वाटलं. तिने शिट्टी तोंडाला लावली आणि छाती फुटेस्तोवर फुंकली.

सगळ्या माना वळल्या.

आजोंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंडातली विडी काढून वडाच्या मुळाशी असलेल्या दगडावर ठेवली, बाटली तिथेच मुळावर उपडी केली आणि कांबळं सावरून चालू लागले. तोवर झोक्यावरच्या पोरांनी मोबाईल काढले होते.

"आजोबानू, एकटेच? आमका घोटभर ठेवा हां."

"अरे, उद्या श्रावण लागता. म्हातारो आजच सगळो कोटो संपयता."

बाग हसली. आजो त्या हसण्यामधून काही न बोलता फाटकाबाहेर गेले.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, देवाला दिवा लावला आणि मगच तोंड उघडलं. तनया दाराआड उभी होती.

"हय ये बाय," ते म्हणाले. "तू बरोबर केलंस. फळ्यार लिवला, तसाच वागूचा."

ते तिला एका शब्दाने टाकून बोलले असते, तर बरं झालं असतं.

रात्रीच्या जेवणाआधीच तो व्हिडिओ गावभर झाला. फलकावरची अक्षरं स्वच्छ दिसत होती, त्याखाली विडी, बाटली आणि पोथी वाचणारे गोकुळदास. तनयाने आईच्या फोनवर तो पाहिला आणि विचारलं, "आजो पितत?"

आईने फोन काढून घेतला. कोमल तिचं नाव, माहेर सावंतवाडीकडचं, बोलायला फटकळ. पण त्या दिवशी ती हळू बोलली.

"तो वाडीचो राखणदार गो. दगडात रवता. रात्रीचो काठी घेवन वाडीभोवती फिरता, असा म्हणतत. अवसेक तेका द्यावचा लागता. रोट, नारळ, विडी, माडाची फेणी. वाडीतला एकेक घर एकेक वस्तू देता, आणि घेवन जाताना आमच्या घरचो माणूस जाता. मान आमचो."

"मग विडी ओढली कित्याक?"

"पेटती द्यावची लागता. आणि ओढल्याशिवाय विडी पेटता काय?"

"मग आजोंनी तसां सांगूचा ना सगळ्यांका."

"तेंनी सांगूचा नसता. घरातसून भायर पडल्यापासून परत येयसर बोलूचा नाय, आणि दिल्लेला कधी बोलान दाखवूचा नाय. बोलला की ता पोचत नाय."

"मग तू सांग."

"सांगू कोणाक? ज्यांका सांगूचा, ती सगळी जाणतत. आणि ज्यांका ठावक नाय, ती हसतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणकाका आले. चहा घेतला, पावसावर बोलले, केळीवर बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "गोकुळदासबाब, आमचो तुमच्यार काय संशय नाय. पण लोकांची तोंडां कोण धरतलो? पोथयेचो प्रश्न असा. ह्या वर्षी रघुनाथाचो झील वाचूंदे. तुमी इसरांत घेवा."

आजो उठले. देव्हाऱ्याखालून लाल कापडात बांधलेली पोथी काढली, कापडावरची धूळ हाताने पुसली आणि ती दोन्ही हातांनी सगुणकाकांच्या हातात दिली.

"वाचूंदे," ते म्हणाले.

तनया सगुणकाकांच्या मागोमाग अंगणाच्या पायरीपर्यंत गेली. या एका माणसाने देवळात उभं राहून दोन शब्द सांगितले, तर पोथी परत येईल, असं तिला वाटत होतं.

"काका, वडाकडे आजो काय घेवन जातत, ता तुमका ठावक असा ना?"

सगुणकाकांनी छत्री उघडली. "गो तनया, तू शिट्टी मात्र झकास वाजवतस. अशीच वाजवत रव."

शाळेत टीचरनी प्रार्थनेनंतर तिला पुढे बोलावलं. नाव न घेता त्या म्हणाल्या, की आपल्यातल्या एका मुलीने नात्यापेक्षा नियम मोठा मानला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत तनया टीचरच्या टेबलापाशी गेली आणि तिला जे कळलं होतं ते तिने जमेल तसं सांगितलं. टीचरनी सगळं ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या.

"तुला वाईट वाटतंय, ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण मला सांग, विडी तोंडात होती?"

"होती."

"बाटली हातात होती?"

"होती."

"फलकावर तसं लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग?"

टीचर खोटं काहीच बोलत नव्हत्या. व्हिडिओसुद्धा खोटा नव्हता. कुणीच खोटं बोललं नव्हतं, आणि तरी तिचे आजो घरात बसले होते.

ते बसले ते बसलेच. श्रावणभर देवळाच्या भोंग्यावरून पोथी ऐकू यायची. रघुनाथाचा मुलगा घाईघाईने वाचायचा, अडखळायचा. आजो मागच्या पडवीत डोळे मिटून बसायचे आणि तो अडखळला की यांचे ओठ पुढचा शब्द उच्चारायचे. आवाज यायचा नाही, नुसते ओठ. काही दिवसांनी तेही थांबलं. केळीला टेकू द्यायचे राहिले, दोन घड वाऱ्याने आडवे झाले. सुदेश मुरगावहून सुट्टी काढून आला, बापाशेजारी बसून बसून परत गेला. त्याच्या ट्रकवरच्या सोबत्यांनीही तो व्हिडिओ पाहिला होता.

तनया रोज त्यांच्यासाठी चहा नेई. "आजो, माका पोथी वाचून दाखवा." ते मान हलवत. "दे गो ठेवन," म्हणत, आणि चहा निवून जाई.

तिने शिट्टी टीचरना परत देऊ केली. टीचर म्हणाल्या, वर्ष संपेपर्यंत ठेव, जबाबदारी अशी मध्येच टाकायची नसते.

मग श्रावणातली अवस आली.

त्या दिवशी सकाळी आई मागचं दार उघडायला गेली आणि तिथेच उभी राहिली. पायरीवर केळीच्या पानात रोट होता. शेजारी विड्यांचं बिंडल, मेणबत्ती, कागदात गुंडाळलेली छोटी बाटली. आणि एक नारळ. नारळ शेंदरी रंगाचा होता. तसल्या नारळाचा माड अख्ख्या वाडीत एकच, सगुणकाकांच्या परसातला.

कुणी आणून ठेवलं, केव्हा ठेवलं, कुणालाच दिसलं नाही. दर महिन्याला हे पुढच्या दाराने यायचं, हाक मारून, चहा घेऊन; तनयाला ते शेजाऱ्यांचं नेहमीचं येणं-जाणं वाटायचं. या खेपेला मागच्या दाराने आलं होतं.

"फेकून देतंय सगळा व्हाळात," आई म्हणाली. "पुढल्या दारान पोथी घेवन गेले, आणि मागल्या दारान ह्या? लाज नाय?"

आजो पडवीतून आले होते. त्यांनी नारळाकडे बघितलं, बराच वेळ.

"फेकू नको गो. देणां असा ता."

"मग तुमी परत जातलात? परत हसून घेतलात?"

संध्याकाळी आजोंनी कांबळं घेतलं, पिशवी भरली आणि दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर एक पाय टाकून ते थांबले. बागेतून पोरांचा आवाज येत होता, झोक्याची कुरकुर येत होती. ते तसेच चौकटीला धरून उभे राहिले. मग त्यांनी पाय आत घेतला, पिशवी खाली ठेवली आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. कांबळं अंगावरच होतं.

"माज्यान जाववना नाय," ते भिंतीला म्हणाले.

तनयाने यापूर्वी आजोंना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही तोंड दिसलं नाही. फक्त कांबळं हलत होतं.

तिने पिशवी उचलली. तिथून पुढे तिने तोंड उघडलं नाही. आईने हाक मारली, तरी ओ दिली नाही.

आजो नेहमी कुंपणाच्या फटीतून, आडोशाने जात. ती मोठ्या फाटकातून गेली. आभाळ उघडलं होतं, चतुर्थी तोंडावर आली होती, बाग माणसांनी भरली होती. बाकावर सगुणकाका आणि वाडीतली आणखी काही मंडळी बसून भजनाच्या तालमीचं ठरवत होती. तनया त्यांच्यासमोरून वडाकडे गेली आणि निळ्या फलकाखाली, सगळ्यांना दिसेल अशी, गुडघ्यांवर बसली. रोट ठेवला. मेणबत्ती उभी करून पेटवली. विड्या आणि बाटली न उघडता तशाच मांडल्या. शेवटी शेंदरी नारळ काढला आणि सगळ्यांच्या पुढे ठेवला.

बाकावरचं बोलणं थांबलं. सगुणकाका खाली वाकून चपलेचा पट्टा बघू लागले. झोक्यावर कुणीतरी मोबाईल वर केला.

तनया उठून उभी राहिली. मान वळवून तिने सगुणकाकांकडे पाहिलं, लाल दोरीची शिट्टी तोंडाला लावली आणि त्या दिवशीच्या इतक्याच जोराने फुंकली. ते मान वर करीपर्यंत ती फुंकत राहिली.