समेवरचा पाय

कथकचा तराणा मी तीन बासऱ्यांवर बसवला. वाजवणारे घरचेच, मेंढरांमागं फिरताना शिकलेले. चाल म्हाळसाआत्यानं वाजवायची, आप्पांनी खालचा सूर धरायचा, आणि तबल्याचे बोल जानकूकाकानं तुटक फुंकरीत काढायचे, मेंढरं वळवताना काढतो तसे.

पिंपळवंडीच्या जत्रेत कमिटीचे भरतभाऊ कॅसेट घेऊन स्टेजवर आले. "तबल्याबिगर कसलं कथक, पोरी? ही लावतो. यांनी नुसत्या बासऱ्या तोंडाला धरून बसायचं. लई झ्याक दिसंल."

आप्पांनी मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं.

"द्या इकडं."

कॅसेट मी स्टेजच्या मधोमध ठेवली. बासऱ्या सुरू झाल्या. गिरकी घेतली आणि समेवर घुंगरांचा पाय तिच्यावरच आपटला.

कॅसेटचा चुरा झाला. जानकूकाकाची फुंकर चुकली नाही.