वीतभर गाडीचा डूख

मी गाडी बोलतेय. रस्त्यावरची नव्हे, काचेच्या कपाटातली. शेपटाला दोन उंच पंख, लांबलचक नाक, टप मागे टाकलेला, अशी जुनी अमेरिकन गाडी तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. तिच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी मी, म्हणजे वीतभर. मला पेट्रोल लागत नाही, चाकांत हवा लागत नाही, आणि झालेला अपमान मी विसरत नाही. देह प्लास्टिकचा आहे म्हणून मन मऊ असेल असं समजू नका.

माझा जन्म साच्यातला. गरम प्लास्टिक आत शिरलं, गार झालं, आणि मी एकाच वेळी शंभरेक तुकड्यांत जन्मले. दारं, चाकं, आरसे, सगळं एका चौकटीला लटकलेलं. तसंच खोक्यात भरलं आणि धाडलं दुकानात. तिथून मला एका सासऱ्यांनी जावयासाठी घेतलं.

हा जावई भलताच उतावळा. सासरे रविवारी जेवायला येणार, तोवर गाडी उभी दिसली पाहिजे, म्हणून त्यानं शनिवारी एका बैठकीत मला चिकटवून टाकलं. सांध्यांतून डिंकाचे थेंब ओघळले. लाल रंग त्यानं ब्रशनं असा फासला की दाराच्या कडाच बुजल्या. एक चाक जमिनीला कधी टेकलंच नाही. सासरे "छान आहे" म्हणाले आणि भाजी वाढून घेतली. मग मी कपाटावर गेले. तिथे झाडलोटीत माझी पुढची काच फुटली, मागचा बंपर हरवला, आणि एके दिवशी माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली.

तिथे मला बारकी भेटली.

घरी तिला बारकीच म्हणतात, चाळिशी उलटली तरी. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून तोंडांचे ठसे यायचे आणि ही त्यावर दात बसवून द्यायची. दिवसभर लोकांचे दात, आणि संध्याकाळी खिडकीपाशी टेबल मांडून छोट्या गाड्या. दुकानात तिनं मला उलटं धरलं, न टेकणारं चाक बोटानं फिरवलं आणि पुटपुटली, "काय दशा केलीय गं तुझी." एवढं आपुलकीनं माझ्याशी तोवर कुणीच बोललं नव्हतं.

पुढचे अकरा महिने तिनं मला घडवलं. आधी ब्रेकच्या तेलात बुडवून ठेवलं, तेव्हा तो लाल रंग सालीसारखा सुटला. मग दात कोरायच्या बारीक हत्यारांनी तिनं एकेक सांधा उकलला. हरवलेला बंपर कवळीच्या गुलाबी मसाल्यातून घडवून त्यावर चांदीसारखा वर्ख चढवला. पुढची काच तर तिनं कामावरच्या यंत्रावर काढली. रात्री दात खाणाऱ्यांसाठी त्या यंत्रावर पातळ पारदर्शक खोळी बनवतात. तसल्याच प्लास्टिकच्या पातळ तावाला ऊब देऊन तिनं माझी वळणदार काच ओढून घेतली. शेवटी अंगावर फिकट हिरवा आणि साईसारखा पांढरा रंग, पातळ फवाऱ्याचे सात हात. मी टेबलावर उभी राहिले तेव्हा माझी चारही चाकं टेकली होती.

आणि मग आला दादा.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, वरच्या मजल्यावर राहणारा. गाड्यांचा विमा विकायचा, तोंडात साखर, बोटात ही एवढी अंगठी. छोट्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि त्या दिवशी बारकीला कामावरून सुट्टी मिळेना. तो म्हणाला, "दे, मी नेतो." नेलं. मला पहिलं बक्षीस मिळालं. परत आला तो गळ्यात पदक घालूनच.

"अगं, तिथल्या माणसानं माझंच नाव लिहिलं कार्डावर," तो म्हणाला. "आता कुठे बदलत बसायचं? घरातलंच तर आहे."

बारकी हसली. तिथेच चुकलं तिचं.

घरातलंच आहे म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. ती बनवायची, तो मिरवायचा. काच कशी केलीत विचारलं की डोळे मिचकावून म्हणायचा, "ते गुपित आहे." लोक माना डोलवायचे. हा माणूस कधी ब्रशसुद्धा धुवायला बसला नव्हता. मला उचलताना बॉनेटवर अंगठी घासून त्यानं ओरखडा पाडला, तोही "प्रवासात झालं" म्हणून खपवला. मला दात असते तर खाल्ले असते. तेव्हापासून मी डूख धरून होते.

मग वाहन संग्रहालयातून पत्र आलं. त्यांच्याकडे चाळीस जुन्या छोट्या गाड्या मोडक्या अवस्थेत पडून होत्या. त्या दुरुस्त करायला कायमचा कारागीर हवा होता. पत्र अर्थातच दादाच्या नावानं. बारकीनं ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. असं काम मिळावं म्हणून ती काय वाटेल ते करायला तयार होती.

"दादा, या वेळी खरं सांगू या ना," ती म्हणाली. "मला जायचंय तिथे."

"वेडी आहेस का? मला खोटं पाडणार चारचौघांत? काम मी घेतो, तू घरी बसून कर. तुला कामाशी मतलब की नावाशी?"

"दोन्हीशी," ती म्हणाली. पण तोवर तो जिना चढून गेला होता.

ठरल्या दिवशी सकाळी तो मला घेऊन संग्रहालयाच्या कार्यशाळेत गेला. बारकीलाही नेलं, डबे धरायला. तिथल्या प्रमुख बाई उंच, चष्मा साखळीला लटकवलेला, बोलणं मोजकं. त्यांनी मला भिंगाखाली फिरवलं आणि ओरखड्यावर बोट ठेवलं. "एवढा भाग आमच्यासमोर करून दाखवा. जुना रंग काढा, नवा चढवा."

दादाच्या कपाळावर घाम आला. टेबलावर बारकीनं आणलेली छोटी बाटली होती, तिच्यात तेच ब्रेकचं सौम्य तेल. शेजारी कार्यशाळेचा मोठा डबा होता, खऱ्या गाड्यांच्या रंगाचा थिनर. दादानं दोन्हींकडे पाहिलं. गाडीचा रंग, तर गाडीचाच थिनर, असा हिशेब त्यानं केला असणार. तो थिनर लोखंडावरचा रंग काढतो. प्लास्टिकला मात्र खाऊन टाकतो. हे या कामातल्या कुणालाही पहिल्या आठवड्यात कळतं. त्यानं डबा उघडला.

बारकीचं तोंड उघडलं. मी तिच्याकडेच पाहत होते. एक शब्द पुरे होता. आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, गप्प बस, बारके. माझं जाऊ दे. आज गप्प बस.

तिनं तोंड मिटलं.

थिनरचा बोळा बॉनेटवर फिरला आणि माझ्या अंगाची आग झाली. रंग गेला, त्याच्याखालचं अंगही मऊ पडलं, दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. दादाचं बोट आत रुतलं, ते त्यानं दचकून ओढलं तर माझी पाकासारखी तार निघाली त्याच्या अंगठीबरोबर. इतक्या वेदनेत इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दादा गर्रकन बहिणीकडे वळला. "बारके, सांगायचं नाहीस का? तुला माहीत होतं ना?"

आपण काय बोलून बसलो ते त्याला जरा उशिरानं कळलं.

प्रमुख बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ही गाडी तुम्ही केलीय?" त्यांनी बारकीला विचारलं.

"हो."

"आणि तो डबा उघडला तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तीन वर्षं बोललेच नाही मी," बारकी म्हणाली. "आजच का बोलू?"

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण बाई म्हणाल्या, "राग समजतो मला. पण डोळ्यांदेखत गाडी वितळू देणाऱ्या माणसाच्या हाती मी माझ्या चाळीस गाड्या कशा सोपवू?" बारकीचा चेहरा उतरला. मग त्यांनी मला उचलून तिच्या हाती दिलं. "हिला होती तशी करून आणा. मग बघू."

घरी आल्यावर बारकीनं मला मांडीवर घेतलं आणि रडली. "त्याच्यावरचा राग तुझ्यावर काढला गं मी." तिनं माफी मागितली तेव्हा मला लाज वाटली. आगीत मला ढकलणारी ती एकटी नव्हती, मीही तिला गप्प राहायला सांगत होते. दोन महिने ती सुरकुत्यांत पुट्टी भरायची, वाळू द्यायची, घासायची, बोटानं चाचपायची, पुन्हा भरायची. मी तिला एवढंच देऊ शकत होते की नवा रंग पहिल्याच हातात नीट धरायचा. तो मी धरला.

दादा त्या काळात एकदा दार लोटून आत आला. "झालं गेलं विसरून जा," म्हणाला. "बाईंना सांग, गाड्या आम्ही दोघं मिळून करतो." बारकीनं पॉलिश पेपरचा तुकडा आणि पाण्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "बस. दरवाजाची कड घास." तो पाच मिनिटं बसला, मग त्याला फोन आला.

काम बारकीलाच मिळालं. चाळीसपैकी सव्वीस गाड्या तिच्या हातून उभ्या राहिल्या आहेत आणि मी त्यांच्या आधी, संग्रहालयाच्या दारातल्या पहिल्या कपाटात आहे. बॉनेट वरून गुळगुळीत आहे, पण ते उचललंत तर आतून अजून सुरकुतलेलं दिसेल. तेवढं तिनं मुद्दाम ठेवलं की राहून गेलं, हे मी तिला विचारलेलं नाही.

तिनं भावाला माफ केलंय. दुपारी डबा उघडताना त्याच्याशी फोनवर बोलते, हसतेसुद्धा. बहीण आहे, तिला शोभतं. मला शोभत नाही.

कारण तो अजून येतो. रविवारी आपली गिऱ्हाइकं घेऊन येतो, माझ्यापुढे उभा राहतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "आमच्या घरचीच आहे ही. काच कशी केली, ते गुपित आहे." आणि बोलताना असा उभा राहतो की त्याच्या पाठीनं माझ्या कपाटावरचं कार्ड झाकलं जावं.

तेव्हा तुम्ही कधी इकडे आलात आणि अंगठीवाला एक गृहस्थ माझ्यापुढे दिसला, तर माझं एक काम करा. त्याला जरा बाजूला व्हायला सांगा आणि कार्डावरचं बनवणारीचं नाव मोठ्यानं वाचा. ऐकू आलं नाही असं तो दाखवेल. मग पुन्हा वाचा.