पोटाशी घेतलेले पाय

दुपारचा पिवळसर प्रकाश हॉलच्या फरशीवर पसरतो आणि त्यात माझे यजमान निजलेले दिसतात: एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. पूर्वी आम्ही राहायचो त्या नायगावच्या चाळीत पुरुषांनी गॅलरीत झोपायचं, हा अलिखित नियम. खोलीत सासूबाई, नणंदा, मुलं. टोकाच्या संडासाकडे जाणाऱ्यांना वाट राहावी म्हणून पाय आखडून घ्यायची सवय ह्यांच्या हाडांत मुरली ती तेव्हापासून.

आमचं तारुण्य कुजबुजीत गेलं. सासूबाई भजनाला गेल्या की दाराची कडी लागायची, तीही आवाज न करता. मग चाळ पडली, टॉवर उभा राहिला, आयुष्यात प्रथमच स्वतःचं बंद दार मिळालं, आणि नेमकी ह्यांच्या देहानेच पाठ फिरवली. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तर दात नाहीत! काही वेळा निराशा पदरी पडली, तेव्हा हे उशी-चादर उचलून हॉलमध्ये गेले. "आत उकडतं," म्हणाले. एसी आतच आहे.

कशीबशी समजूत घालून परळच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तिथे हे घसा खाकरून म्हणाले, "पाठ दुखते." माझा संयम सुटला.

"अहो, पाठ कसली? डॉक्टर, ह्यांना ताठरता येत नाही. वर्ष होत आलं."

ह्यांची मान अशी खाली गेली की मला राग आला आणि रडूही.

"एक गोळी द्या ना डॉक्टर, फुल पॉवरची," हे पुटपुटले. "मॅटर क्लोज."

"मोहनराव, गोळी म्हणजे दिव्याचं बटण नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आधी शुगर आणि हार्ट बघू. तंबाखू सोडायची. मग गोळी देईन. बऱ्याच जणांना गुण येतो, पण पहिल्याच वेळी येईल असं नाही. धीर धरावा लागेल, दोघांनाही. झोपता कुठे?"

"हॉलमध्ये."

"का?"

ह्यांनी तपासण्यांची चिठ्ठी खिशात कोंबली आणि उठले.

"माझी अब्रू घालवलीस," जिना उतरताना हे एवढंच बोलले. मी पेटलेच. वर्षभर मला वाटत होतं, ह्यांना माझाच कंटाळा आलाय. आरशासमोर उभी राहून स्वतःला दोष दिला होता मी. गोळीचं मला काय पडलंय? मला शेजारी माणूस हवा होता. हे सगळं तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, ह्यांना ऐकवलं.

घरी आल्यावर, जेवणं झाल्यावर, ह्यांनी उशी-चादर आत आणली. पलंगाच्या अगदी कडेला लवंडले, गुडघे पोटाशी.

"पाय सोडा," मी म्हणाले. "इथून कुणी जायचं नाहीये."

पाय किंचित लांबले, आणि डोळा लागताच पुन्हा पोटाशी गेले. चाळ जमीनदोस्त झाली, त्या गॅलरीतून जाणारी माणसं कुठे कुठे पांगली, कितीतरी निवर्तली. ह्यांचे पाय मात्र अजून त्यांना वाट करून देतात.