गंगीच्या फोल्डरातल्या तेवीस शेळ्या

बलभीमकाकांनी खताच्या पोत्यातून कॉम्प्युटर काढून माझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला, तेव्हाच मला राग आला. कळंबपर्यंत एसटीत त्याला किती हादरे बसले असतील ते विचारायलाच नको. आतली हार्ड डिस्क खडखडत होती. ती आज जाते की उद्या, एवढाच प्रश्न होता.

"म्हणून तर आणलाय ताई," काका म्हणाले. "बॅकअप घ्याला गेलं की कोड एकशेबारा येतो. दोन वर्सं झाली."

"दोन वर्षं? मग तुम्ही काय करता?"

"ओके दाबतो."

दोन वर्षं ओके दाबणाऱ्या माणसापुढं काय बोलायचं? त्या डिस्कवर त्यांच्या शेळ्यांची अकरा वर्षांची वंशावळ होती. कोण कुणाची लेक, कुठल्या बोकडाची, कधी व्याली. ती गेली तर कुठला बोकड कुठल्या शेळीला लावायचा हेच कळणार नव्हतं, आणि एकाच रक्तातल्या जोडीची करडं कमजोर निघतात. अख्खा कळप त्या नोंदींवर चालला होता.

मी फोल्डर उघडला. त्यात एक फोल्डर, त्यात आणखी एक. सात फोल्डर खाली गेले तरी तळ लागेना.

"हे काय केलंय, काका?"

"लेक आईच्या पोटात," ते म्हणाले. त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. प्रत्येक शेळीचा फोल्डर तिच्या आईच्या फोल्डरात, आणि नावं तरी केवढी: 'शेवंती, आषाढातली, डावा कान पांढरा, जुळ्यातली थोरली'.

तिथंच घोडं पेंड खात होतं. वरपासून खालपर्यंतची नावं एकामागोमाग जोडली आणि अडीचशेच्या वर अक्षरं झाली, की हे सॉफ्टवेअर हात वर करतं. अशा तेवीस शेळ्या बॅकअपच्या बाहेर राहत होत्या, सगळ्या नव्या पिढीच्या. पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत बॅकअप नीट होत होता. मी जुन्या नोंदी पाहिल्या. कोड पहिल्यांदा आला होता चौदा मार्चला.

"त्या दिवशी काय बदललंत?"

काकांनी पडद्यावरची तारीख वाचली. मग म्हणाले, "पुतळाबाईचा तेरावा झाला, त्याचा दुसरा दिवस."

पुतळाबाई त्यांची बायको. सगळ्यात वरचा फोल्डर गंगीचा, म्हणजे कळपातल्या पहिल्या शेळीचा. त्या दिवशी काकांनी गंगीच्या नावापुढं लिहिलं होतं: 'पुतळाबाईनं माहेराहून चालत आणली, वाटेत स्वतः उपाशी राहून हिला पाला घातला'.

माझा राग पार उतरला. उलट लाजच वाटली.

"काका, याच वाक्यानं खालच्या सगळ्यांची अक्षरं वाढली. तेवढं काढावं लागेल," मी म्हणाले.

डिस्क पुन्हा खडखडली. काकांनी कीबोर्ड स्वतःकडं ओढला आणि एका बोटानं एकेक अक्षर पुसलं. शेवटी 'गंगी' एवढंच उरलं. मी बॅकअप लावला. कोड आला नाही. तेवीसच्या तेवीस शेळ्या दुसऱ्या डिस्कवर उतरल्या.

"ते वाक्य वेगळ्या फाईलीत ठेवते," मी म्हणाले. "सांगा, टाईप करते."

"ऱ्हाऊ द्या," काका पोतं झटकत म्हणाले. "तिच्या शेळ्या वाचल्या, लई झालं. ती उपाशी चालली, हे म्या लिहून ठिवलं न्हाय तर इसरणार हाय व्हय?"