पिवळी गोळी

"बास्योड़ा पर ठंडा खाना खाया था?" डॉक्टरांनी विचारले ते कौमुदीला, पण तोंड उघडले जयंतीने. सहा वर्षे हे असेच चालले होते. पोट मुलीचे आणि त्याची सगळी खबरबात आईकडे.

"थोडीसी राबडी, डॉक्टरसाहब. पड़ोस की गिरिजाजी ने दी थी."

बास्योड्याला, म्हणजे शीतळामाईच्या दिवशी, मुरलीपुऱ्यात त्यांच्या गल्लीत कुणी चूल पेटवत नाही. आदल्या दिवशी रांधलेले गारढोण जेवतात, आणि ताकात आंबवलेली बाजरीची राबडी त्यात असतेच. गिरिजाजींनी ती मायेने आणून दिली होती. चौथ्या दिवशी कौमुदीला पुन्हा शौचावाटे रक्त पडू लागले.

"दोनच चमचे खाल्ले मी," कौमुदी म्हणाली.

"दो चम्मच से इतना नहीं होता." डॉक्टरांनी रिपोर्ट उलटला. मोठ्या आतड्याची सूज पहिल्या वर्षापेक्षाही वाढली होती. "दवा रोज़ ले रही हो?"

"जी. रोज. मम्मी खुद देती हैं."

इतक्या विश्वासाने म्हणाली पोरगी, की जयंतीने नजर दुसरीकडे वळवली.

जयंतीच्या नवऱ्याची, विलासची, विमा कंपनीतली बदली सांगलीहून इथे उत्तरेत झाली आणि वर्षभरात हे दुखणे मागे लागले. तेव्हा कौमुदी सतरा वर्षांची होती. डॉक्टरांनी समजावून सांगितले होते: आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, ते आपले भाडेकरूच. शरीराचे पहारेकरी त्यांना ओळखून असतात. कौमुदीचे पहारेकरी मात्र त्यांनाच चोर समजतात आणि मारामारीत घराच्या भिंती फोडतात. म्हणून पहारेकऱ्यांचा जोर कमी करायला पिवळी गोळी, आणि जोडीला चांगल्या जंतूंची कॅप्सूल.

जयंतीने मान डोलावली खरी, पण डोक्यात काही शिरले नाही. जन्मभर जंतू मारायला शिकलेल्या बाईने ते पोरीला खाऊ घालायचे? तेही एक वेळ ठीक, विरजणासारखे काहीतरी असेल. पण प्रतिकारशक्ती कमी करायची? करोनात साऱ्या घराला काढे पाजून हिने ती वाढवली होती! तिने विलासला विचारले. "डॉक्टरला कळतं की तुला?" म्हणून त्याने पेपर उघडला.

यंदा जानेवारीत कौमुदी आठ दिवस तापाने फणफणली, तेव्हा जयंतीने मनाशी ठरवून टाकले. दर रविवारी ती सात खणांच्या डबीत आठवड्याची औषधे भरत असे. त्या रविवारपासून पिवळी गोळी तिने घातलीच नाही. तिच्या जागी चांगल्या जंतूंची दुसरी कॅप्सूल घातली. कौमुदीने कधी डबीकडे पाहिले नव्हते. एक हात मोबाईलवर, दुसरा आईपुढे. फेब्रुवारीत पोरीच्या गालांवर रंग चढला. आपल्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळते असे जयंतीला वाटले, खोटे कशाला सांगा.

"मतलब इस गोली का असर ख़त्म," डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले. आता मोठी इंजेक्शने, वर्षानुवर्षे. त्यांनीही भागले नाही तर ऑपरेशन.

"आई, मतलब... आतडंच काढणार?" कौमुदीने विचारले.

"राबडीच असेल ती," जयंती घाईने म्हणाली. "बहुत खट्टी थी, डॉक्टरसाहब."

म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली. डॉक्टर मान न उचलता लिहीत होते. एक ओळ झाली. दुसरी सुरू झाली.

"रुकिए. गोली मैंने दी ही नहीं. तीन महीने."

पेन थांबले.

"क्यों?" डॉक्टरांनी चष्मा काढून विचारले.

जयंतीने हिंदीत सुरुवात केली, पण तिला शब्द सापडेनात. मग मराठीतच धो धो बोलली. "पोरीची ताकद कमी करायची गोळी मी माझ्या हातानं कशी देऊ हो? चांगले जंतू द्यायचे म्हणता, ते दिले. दुप्पट दिले! पण तिच्या अंगातलं बळ काढून घ्यायचं, हे मला कळतच नाही. अजूनही कळत नाही. माझं चुकलं."

डॉक्टरांना त्यातले काही उमगले नाही. त्यांनी कौमुदीकडे पाहिले.

"मम्मी कह रही हैं," ती म्हणाली, "कि उन्हें डर लगा."

डॉक्टरांनी लिहिलेल्या ओळींवर काट मारली. मग खुर्ची कौमुदीकडे वळवली. "पहले वही गोली फिर से शुरू करेंगे. अब मुझे तुमसे बात करनी है. माताजी, आप ज़रा बाहर बैठिए."

बाहेरच्या बाकावर जयंती ताठ बसली. काचेच्या दारातून कौमुदी काही विचारताना दिसे, मध्येच मोबाईलमध्ये टिपून घेई. गालांवर आलेला तो रंग मग कसला होता? पहारेकरी नक्की कोण, आणि चोर कोण? विचार करून करून तिचे डोके भणभणले. एवढेच कळत होते, की आपण फार घाबरलो होतो आणि आत चाललेले आपल्याला ऐकू येत नाही.

पंधरा मिनिटांनी कौमुदी बाहेर आली.

"काय म्हणाले गं?"

"सांगते नंतर."

जयंतीने फाईल घ्यायला हात पुढे केला. कौमुदीने ती स्वतःच्या काखेत धरली आणि दुसऱ्या हाताने आईचा दंड धरला.

"चल. पायरी बघ."

जयंतीने पायरी बघितली, आणि उतरली.